जुने संगणकी खेळ जतन करावे काय ?

कोणत्याहि पिढीचा स्वभाव ओळखावयाचा असेल, तर तिनें लिहिलेले ग्रंथ व बांधलेल्या इमारती पाहाव्या, असें सांगण्याचा प्रघात आहे. परंतु ती पिढी फावल्या वेळीं काय खेळत होती, हें पाहिल्यावांचून ती ओळख पुरी होत नाहीं, असें आम्हांस वाटतें. सोंगट्यांचे पट, गंजिफांचीं पानें, भातुकलीचीं भांडीं हीं आज संग्रहालयांतून मानानें मांडलेलीं दिसतात. ज्यांनीं तीं रोज हाताळलीं, त्यांस तीं इतकीं मोलाचीं वाटलीं असतील असें नाहीं. गेल्या साठ वर्षांत जगाच्या खेळांत एका नव्या जातीची भर पडली, ती संगणकावरील खेळांची. यांपैकीं जुने खेळ आज झपाट्यानें दिसेनासे होत आहेत. आणि ते कोणीं जाळले किंवा फेंकून दिले म्हणून नव्हे, तर ज्या यंत्रावर ते चालत तें यंत्र व त्या यंत्राचा कारभार पाहणारी व्यवस्था बदलली म्हणून. ते जपावे काय, आणि जपावयाचे तर कोणीं व कसे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

हे खेळ नाहींसे कसे होतात, तें प्रथम समजून घेतलें पाहिजे. पुस्तक वाचावयास डोळे व अक्षरओळख एवढीं दोनच साधनें लागतात. शंभर वर्षांपूर्वींचें पुस्तक कपाटांतून काढून त्यावरील धूळ झटकली, कीं तें वाचतां येतें. संगणकाच्या खेळाची गोष्ट निराळी आहे. खेळ म्हणजे यंत्रास दिलेल्या हजारों-लाखों बारीक आज्ञांची यादी. ती यादी नुसती जवळ असून भागत नाहीं. ती समजणारें यंत्र पाहिजे, आणि यंत्र व खेळ या दोहोंमध्यें दुभाष्याचें काम करणारी मूळ व्यवस्था, जिला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतों, तीहि पाहिजे. दुभाषा बदलला व त्यास जुनी बोली येईनाशी झाली, कीं यादी जशीच्या तशी राहूनहि मुकी होते.

महाराष्ट्रीय वाचकांस याचा अर्थ मोडी लिपीच्या उदाहरणानें चटकन् कळेल. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेविलेले आहेत. कागद धड आहे, शाई उडालेली नाहीं, अक्षरहि वळणदार आहे; परंतु विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली, आणि पणजोबांचें पत्र हातीं आलें तरी पणतवास त्यांतील एक ओळ लागत नाहीं. तेथें कागद वांचला, वाचणारा गेला. याहून ताजें उदाहरण पाहिजे असेल तर मराठी टंकांचें घ्या. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांत मराठी मजकूर संगणकावर लिहीत असत, आणि प्रत्येक टंकाचा संकेत वेगळा असे. तशी जुनी फाइल आज तो टंक नसलेल्या संगणकावर उघडावी, तों डोळ्यांपुढें निरर्थक चिन्हांची रांगोळी पडते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वींची फाइल आपणांस परकी होते, आणि दोनशें वर्षांपूर्वींची छापील पोथी मात्र वाचतां येते, ही या युगाची एक विचित्र स्थिति आहे.

आतां खेळांच्या बाबतींत प्रत्यक्ष काय घडलें तें पाहूं. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपला लहान संगणक बाजारांत आणिला व त्याबरोबर मायक्रोसॉफ्ट कंपनीची डॉस ही व्यवस्था आली. पुढें सुमारें पंधरा वर्षें हजारों खेळ या डॉसकरितां लिहिले गेले. आज ज्या पालकांचें वय चाळिशीच्या आसपास आहे, त्यांपैकीं पुष्कळांनीं शाळेच्या संगणक-कक्षाबाहेर बूट काढून ठेवून, आंत काळ्या पडद्यावर नांव टंकून ‘डेव्ह’ किंवा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ सुरू केला असेल. १९९५ सालीं विंडोज ९५ आली. तिच्या पोटांत डॉस शिल्लक होती. २००१ सालच्या विंडोज एक्सपीनें घरगुती संगणकांतून तो जुना पाया काढून टाकिला. पुढें यंत्रें एका घासांत अधिकाधिक आंकडे घेऊं लागलीं. सोळाचे बत्तीस व बत्तिसांचे चौसष्ट बिट झाले. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्यें सोळा बिटांचे प्रोग्रॅम चालत नाहींत, आणि २०२१ सालीं निघालेली विंडोज ११ तर केवळ चौसष्ट बिटांचीच आहे. ॲपल कंपनीच्या संगणकांची कथा याहून वेगळी नाहीं. त्या कंपनीनें १९९४, २००६ व २०२० सालीं असा तीन वेळां यंत्राचा मेंदूच बदलला. २०१७ सालीं आयफोनवरील व २०१९ सालीं संगणकावरील बत्तीस बिटांचे सर्व प्रोग्रॅम एका फटक्यांत बंद पडले. पैसे मोजून घेतलेला खेळ संध्याकाळीं चालत होता, रात्रीं नवी व्यवस्था भरली, आणि सकाळीं तो उघडेना, असा अनुभव हजारों लोकांस आला.

कांहीं खेळ नव्या यंत्रावर सुरू होतात, पण चालावे तसे चालत नाहींत. १९८१ च्या त्या आय. बी. एम. यंत्राचा गतिमान सेकंदास सुमारें ४७ लक्ष ७० हजार ठोके इतका होता. कित्येक खेळांच्या कर्त्यांनीं याच ठोक्यांचा हिशेब धरून आपलें घड्याळ लाविलें होतें. यंत्र दुप्पट वेगाचें झालें, कीं खेळांतील शत्रुहि दुप्पट वेगानें धांवे, आणि खेळणाऱ्याचीं बोटें मात्र होतीं तींच. यावर उपाय म्हणून पुष्कळ यंत्रांवर ‘टर्बो’ नांवाचें एक बटण बसवीत असत. नांव वेगाचें, परंतु त्याचा खरा उपयोग यंत्रास हळू करण्याचा ! प्रगतीच्या धांवेंत मागील गोष्टींकरितां क्षणभर पाऊल आंखडतें घेण्याची सोय ठेवावी, हा विचार त्या बटणामागें होता. तें बटण पुढें नाहींसें झालें.

आणखी एक प्रकार याहून अलीकडचा. इंटरनेटवर फ्लॅश नांवाच्या साधनानें चालणारे असंख्य लहान लहान खेळ होते. २००९ सालीं निघालेला ‘फार्मव्हिल’ हा शेतीचा खेळ आमच्या पालकांपैकीं अनेकांनीं खेळला असेल; रात्रीं उठून पडद्यावरचें पीक कापणारीं माणसें त्या वेळीं घरोघर होतीं. ३१ डिसेंबर २०२० रोजीं अडोबी कंपनीनें फ्लॅशचा आधार काढून घेतला, आणि त्याच दिवशीं मूळ ‘फार्मव्हिल’ही मिटला. फ्लॅशच्या सुरक्षिततेंत दोष होते, हें खरें; तें जावें हेंहि कदाचित् योग्यच होतें. परंतु त्याच्याबरोबर एका पिढीची बालकृति जाऊं द्यावी काय, हा प्रश्न फार थोड्यांनीं विचारला. ज्यांनीं विचारला, त्यांनीं २०१८ पासून ‘फ्लॅशपॉइंट’ नांवाचा संग्रह आरंभिला, व त्यांत एक लक्षाहून अधिक खेळ व चलच्चित्रें वांचविलीं. हें काम कोणत्या सरकारनें वा विद्यापीठानें केलें नाहीं. हौशी लोकांनीं, पदरचा वेळ खर्चून केलें.

येथें एकादे पालक म्हणतील, “मास्तर, मुलें आधींच खेळांत बुडालेलीं. तीं त्यांतून बाहेर कशीं येतील हें सांगावयाचें सोडून तुम्ही जुने खेळहि उकरून काढा म्हणतां !” हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. परीक्षेच्या दिवसांत हातांत मोबाइल घेऊन बसलेला विद्यार्थी आम्हीहि रोज पाहतों. परंतु जतन करणें व त्यांत रात्रंदिवस रमणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. वाचनालयांत दहा हजार ग्रंथ ठेवितात, ते सर्वांनीं सर्व वाचावे म्हणून नव्हे. ज्यास जो लागेल तो त्या वेळीं मिळावा म्हणून. शिवाय आज जें हलकें वाटतें तें उद्यां हलकेंच राहील, असा भरंवसा कोणीं द्यावा ? चित्रपटांचेंच उदाहरण घ्या. आरंभीं सभ्य घरांतून सिनेमास नांवें ठेवीत. १९३१ सालीं मुंबईस निघालेला आपल्या देशाचा पहिला बोलपट ‘आलम आरा’. त्याची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं. तोंवर कित्येक मूकपट व बोलपट गंजून, जळून वा भंगारांत जाऊन संपले होते. त्या काळच्या लोकांनीं तें जाणूनबुजून केलें असें नाहीं. ‘यांत जपण्यासारखें काय आहे’ एवढेंच ते म्हणाले. संगणकी खेळांविषयीं आज आपण तेंच म्हणत आहों.

जपण्यासारखें काय आहे, याचीं दोन उदाहरणें देतों. विल्यम क्राउदर नांवाचे एक अमेरिकन संगणक-तज्ज्ञ होते. त्यांस गुहा धुंडाळण्याचा छंद होता. केंटकी संस्थानांतील प्रचंड गुहेच्या एका भागाचे त्यांनीं पत्नीसह नकाशे केले होते. पुढें संसार मोडला, मुली दुरावल्या. तेव्हां मुलींस आपल्याबरोबर खेळतां यावें म्हणून १९७५-७६ च्या सुमारास त्यांनीं संगणकावर एक गुहा रचिली. तींत चित्र एकहि नव्हतें, केवळ वाक्यें. ‘उत्तरेस जा’, ‘दिवा घे’ असे शब्द टंकावे आणि पुढील दालनाचें वर्णन वाचावें. १९७७ सालीं डॉन वुड्स यांनीं त्यांत भर घातली, आणि ‘ॲडव्हेंचर’ या नांवानें तो खेळ जगभर पसरला. संगणकावरील कथारूप खेळांची सर्व परंपरा त्यापासून निघाली. क्राउदर यांची मूळ संहिता मात्र हरवली असें समजत असत. २००५ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत वुड्स यांच्या विद्यार्थिदशेंतील खात्याची एक जुनी नक्कल शिल्लक होती, तींत ती सांपडली. मग एका अभ्यासकानें ती संहिता व प्रत्यक्ष गुहा ताडून पाहिली, तों बापानें मुलींसाठीं लिहिलेलीं दालनें खऱ्या दालनांशीं जुळलीं. एका माणसाच्या ज्ञानाचा, छंदाचा व वात्सल्याचा हा पुरावा एका विसरलेल्या नकलेंत तीस वर्षें पडून होता. ती नक्कल कोणीं जागा अडते म्हणून पुसली असती तर ?

दुसरें उदाहरण ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चें. हा खेळ जॉर्डन मेकनर यांनीं ॲपल टू या यंत्राकरितां लिहिला व १९८९ सालीं तो निघाला. नायकाचें धांवणें व उडी मारणें हुबेहूब साधावें म्हणून त्यांनीं आपल्या धाकट्या भावास पांढरे कपडे घालून पळावयास लाविलें, त्याचें चित्रीकरण केलें, आणि एकेका चित्रावरून आकृति उतरविल्या. यंत्राची स्मृति इतकी तोकडी, कीं नायकाच्या चित्रांनींच ती भरून गेली. शत्रुकरितां नवीं चित्रें ठेवावयास जागा उरली नाहीं. तेव्हां त्यांनीं नायकाच्याच चित्रांवर एक लहानशी गणिती क्रिया करून त्याची छाया निर्माण केली, आणि ती छायाच त्याचा शत्रु केला. खेळाच्या शेवटीं ही छाया समोर उभी राहते. तिला तलवार मारावी तर घाव आपल्यासच लागतो. तलवार म्यान करून तिच्याकडे चालत जावें, तर ती आपल्यांत मिळून जाते. दारिद्र्यांतून कल्पना कशी निघते, याचा याहून चांगला पाठ आम्हांस वर्गांत देतां येणार नाहीं. या खेळाची मूळ संहिताहि हरवली होती. २०१२ सालीं मेकनर यांच्या वडिलांस घरांतील एका कपाटांत फ्लॉप्यांची पेटी सांपडली. फ्लॉपीवरील चुंबकी खुणा कालांतरानें पुसट होत जातात. म्हणून जाणत्या माणसांनीं जुन्या यंत्रांच्या साह्यानें त्या जपून वाचिल्या, आणि ती संहिता सर्वांस पाहावयास खुली झाली. आज कोणीहि विद्यार्थी ती उघडून वाचूं शकतो.

आतां जतनाचे मार्ग पाहूं. पहिला मार्ग मूळ यंत्रच सांभाळण्याचा. १९६२ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत स्टीव्ह रसेल व त्यांच्या सोबत्यांनीं पी. डी. पी.-१ या यंत्रावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचिला. कॅलिफोर्नियांतील संगणक-इतिहासाच्या संग्रहालयांत तशा जातीचें एक यंत्र दुरुस्त करून ठेविलें आहे, व त्यावर तो खेळ आजहि चालतो. परंतु यंत्रें थकतात, त्यांचे भाग मिळत नाहींत, व प्रत्येक गांवीं असें संग्रहालय असणें शक्य नाहीं.

दुसरा मार्ग बहुरूप्याचा. बहुरूपी जसा आज पाटील, उद्यां फौजदार होऊन दारीं येतो, आणि त्याचें सोंग इतकें बेमालूम असतें कीं पोरें खरोखर दचकतात, तसा एक प्रोग्रॅम नव्या संगणकांत बसून जुन्या यंत्राचें सोंग घेतो. जुना खेळ त्यास आज्ञा देतो, आणि तो जुन्या यंत्राप्रमाणेंच, जुन्याच गतीनें, त्या पाळितो. याला एम्युलेटर म्हणतात. डॉसचें सोंग घेणारा ‘डॉसबॉक्स’ २००२ पासून उपलब्ध आहे. दुकानांतील नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रांचें सोंग घेणारा ‘मेम’ १९९७ पासून. इंटरनेट आर्काइव्ह या सार्वजनिक ग्रंथसंग्रहानें २०१५ सालीं याच युक्तीनें डॉसचे दोन हजारांहून अधिक खेळ कोणासहि पडद्यावर चालवितां येतील असे केले.

तिसरा मार्ग दूरदृष्टीचा, आणि तो खेळ लिहितांनाच धरावा लागतो. १९७९ सालीं इन्फोकॉम नांवाच्या लहानशा कंपनीनें ‘झॉर्क’ हा शब्दांचा खेळ विकावयाचें ठरविलें, तेव्हां बाजारांत दहा प्रकारचीं यंत्रें होतीं. तिनें खेळ कोणत्याच खऱ्या यंत्रासाठीं न लिहितां एका काल्पनिक यंत्रासाठीं लिहिला, आणि प्रत्येक खऱ्या यंत्रासाठीं त्या काल्पनिक यंत्राचा एक लहान दुभाषा तयार केला. कंपनी गेली, तीं यंत्रेंहि गेलीं. पण दुभाषा लिहिणें सोपें असल्यामुळें ते खेळ आजच्या मोबाइलवरहि चालतात. याच जातीचें औदार्य ‘डूम’ या खेळाच्या कर्त्यांनीं दाखविलें. १९९३ सालीं निघालेल्या त्या खेळाची संहिता त्यांनीं १९९७ सालीं लोकांस देऊन टाकिली, आणि त्यामुळें नवें यंत्र निघालें, कीं कोणीना कोणी तो खेळ त्यावर उतरवितोच. तात्पर्य, जें खुलें असतें तें पुष्कळांच्या हातीं राहतें, व जें पुष्कळांच्या हातीं राहतें तें टिकतें.

येथें नीतीचा प्रश्न उपस्थित होतो, आणि शिक्षक या नात्यानें तो टाळणें आम्हांस शोभणार नाहीं. जुना खेळ झाला म्हणून तो कोणाचाच नाहीं, असें नसतें. आपल्या १९५७ सालच्या कॉपीराइट कायद्यांत संगणकाचा प्रोग्रॅम वाङ्मयकृतींत गणला जातो, व ग्रंथावर ग्रंथकाराच्या मरणानंतर साठ वर्षें हक्क चालतो. म्हणून भलत्या ठिकाणाहून फुकट खेळ उतरवून घेणें यास जतन हें गोंडस नांव देऊं नये. त्यांत चोरीचा दोष तर आहेच, शिवाय तशा फाइलींतून संगणकांत रोग शिरतात. जो खेळ विकत मिळतो तो विकत घ्यावा. पोलंडमधील ‘गॉग’ हें दुकान २००८ पासून जुने खेळ नव्या संगणकांवर चालतील असे करून रास्त दामांत व कुलूप न लावतां विकतें. प्रामाणिक व्यापारानेंहि जतन साधतें, याचा तो दाखला होय.

परंतु विकतच मिळत नसेल तर ? खरी अडचण येथेंच आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकन संस्थेनें २०२३ सालीं पाहणी केली, तेव्हां अमेरिकेंत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ बाजारांत कोठेंच मिळत नाहींत असें आढळलें. मालक विकीत नाहीं, आणि ग्रंथालयास देऊं द्यावयास कायदा तयार नाहीं. ग्रंथालयांनीं असे खेळ अभ्यासकांस दुरूनहि पाहूं द्यावे, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरीनें ऑक्टोबर २०२४ मध्यें फेंटाळली. आपल्याकडेहि २०१२ च्या दुरुस्तीनें सार्वजनिक ग्रंथालयास जतनार्थ नक्कल ठेवण्याची मुभा मिळाली, ती ग्रंथालयाजवळ त्या कृतीची संगणकी नसलेली प्रत आधींच असेल तर. छापील ग्रंथास ही अट ठीक. पण जो खेळ जन्मतःच संगणकी, त्याची दुसरी प्रत कोठून आणावी? कायदा करणारांच्या डोळ्यांपुढें पुस्तक होतें, खेळ नव्हता. आमचें स्पष्ट मत असें, कीं मालकानें विक्री थांबवून कांहीं ठराविक वर्षें लोटलीं, म्हणजे मान्य ग्रंथालयांस व संग्रहालयांस तो खेळ ठेवण्याची व अभ्यासकांस दाखविण्याची परवानगी कायद्यानेंच असावी. यांत मालकाचें नुकसान नाहीं; कारण जें तो विकीतच नाहीं, त्याच्या विक्रींत घट कशी येणार ?

मालकांकडेहि एक मागणी आहे. अलीकडील कित्येक खेळ कंपनीच्या दूरच्या संगणकाशीं जोडल्यावांचून चालतच नाहींत. २०१४ सालीं निघालेला ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ असाच होता. ३१ मार्च २०२४ रोजीं कंपनीनें आपले संगणक बंद केले, आणि दाम मोजलेल्या लोकांच्या हातीं रिकामी डबी राहिली. यावरून युरोपांत चळवळ उभी राहिली. खेळ बंद करितांना तो कांहीं ना कांहीं रूपांत चालेल अशा स्थितींत सोडावा, या मागणीवर २०२५ सालीं दहा लक्षांहून अधिक सह्या झाल्या. कंपनीनें अनंत काळ खर्च सोसावा असें कोणी म्हणत नाहीं. घर सोडून जाणारानें निदान किल्ली दारांत ठेवून जावें, एवढेंच म्हणणें आहे. आणि तें आम्हांस न्याय्य वाटतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. ऑक्टोबर २०२५ मध्यें विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि पुष्कळ शाळांत व घरांत जुने संगणक भंगारवाल्याकडे जाण्याच्या वाटेवर आहेत. त्यांच्या पोटांत काय आहे, हें एकदां पाहिल्यावांचून ते देऊं नयेत, अशी आमची पालकांस व शाळाचालकांस विनंति आहे. जगप्रसिद्ध खेळ जपावयास जग आहे. पण सातवीच्या मुलीनें क्यूबेसिकमध्यें लिहिलेला आंकडे ओळखण्याचा खेळ, किंवा आठवीच्या मुलानें स्क्रॅचमध्यें केलेला विट्टीदांडूचा खेळ जपावयास आपल्यावांचून कोणी नाहीं. क्यूबेसिक आजच्या विंडोजवर उघडत नाहीं. परंतु प्रोग्रॅम साध्या अक्षरांत साठविला असेल, तर तो वाचतां येतो, आणि कागदावर छापून ठेविला तर आणखी पन्नास वर्षांनींहि वाचतां येईल. स्क्रॅचची गोष्ट समाधानाची आहे : २०१९ सालीं त्याची तिसरी आवृत्ति निघाली, तेव्हां कर्त्यांनीं जुन्या आवृत्तींतील कृति नव्या आवृत्तींत उघडतील अशी योजना केली. मुलांच्या कामाचा असा मान ठेविला पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांसाठीं चार सूचना करितों. आपण केलेल्या कामाची एक नक्कल घरीं व एक दुसऱ्या ठिकाणीं ठेवा. पेनड्राइव्हहि कायमचा नाहीं, म्हणून दर दोन-तीन वर्षांनीं ती नव्या साधनावर उतरवा. फाइलीबरोबर एक कागद ठेवा, व त्यावर कर्त्याचें नांव, साल, कोणत्या यंत्रावर व कोणत्या व्यवस्थेंत ती चालते, आणि खेळ कसा खेळावयाचा, हें आपल्या मराठींत लिहा. कारण नियम विसरला गेला तर चालू खेळहि मेल्यासारखाच. घरांतील वडील माणसांस विचारा, कीं ते कोणता खेळ खेळत, कोठें, कोणाबरोबर, आणि तें लिहून काढा. खेळ परत मिळेल, पण तो कसा खेळला जाई हें सांगणारा परत मिळणार नाहीं. आणि तुमच्यापैकीं जे पुढें स्वतः खेळ लिहितील, त्यांनीं तो लिहितांनाच विचारावें, कीं आपलें यंत्र गेल्यावर हा कोणास उघडतां येईल काय ?

शाळेनेंहि आपला वांटा उचलावा. संगणक-कक्षाच्या एका कोंपऱ्यांत जुन्यांपैकीं एक चालू यंत्र, इंटरनेटशीं न जोडतां, झांकून ठेवावें. शेजारीं एका नोंदवहींत त्यांतील प्रोग्रॅमांची यादी असावी. आणि वर्षांतून एकदां विज्ञान-प्रदर्शनाच्या दिवशीं तें सुरू करून मुलांस दाखवावें. याला खर्च येत नाहीं. लागते ती थोडी जागा व थोडी आस्था. मोडी वाचणारे आज पुन्हां वर्ग भरवून घडवावे लागत आहेत, आणि तें काम किती कष्टाचें आहे हें ज्यांनीं तो अभ्यास केला ते जाणतात. साखळी तुटूं न देणें हें तुटलेली साखळी सांधण्यापेक्षां सोपें असतें. येत्या सुटींत जुना संगणक घराबाहेर काढण्यापूर्वीं तो एकदां सुरू करून पाहावा, आणि त्यांत मुलाच्या हातचें कांहीं आढळलें तर तें उतरवून घ्यावें, एवढें जरी या लेखानें झालें, तरी आम्हांस तो लिहिल्याचें समाधान वाटेल.